माड, गुंठा आणि भरतीरेषा

मालवण या नावाची फोड कोणी 'महालवण' अशी करून मिठागरांकडे बोट दाखवितो, तर कोणी ते माडांचे बन मानतो. खरी व्युत्पत्ती कोणती, याचा निवाडा जाणत्यांनी करावा. परंतु किनाऱ्यावर घरे किती आणि किती दाट असावीत हा वाद जेव्हा जेव्हा निघतो, तेव्हा मला दुसरी, माडांची व्युत्पत्तीच अधिक उपयोगी वाटते. कारण नगररचनेचा कायदा या किनाऱ्यावर पोचण्यापूर्वी वस्तीच्या दाटीला आवर घालण्याचे काम माडाने केले. दोन माडांत सुमारे २५ फुटांचे अंतर लागते आणि गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व तितकाच रुंद तुकडा. तेव्हा गुंठ्यामागे पुरते दोन माडही बसत नाहीत. ज्याचे पोट माडावर, तो अंगणात दुसरे घर उठविण्यापूर्वी चारदा विचार करी. न्हाणीचे पाणी माडाच्या आळ्यात जाई, विहीर त्यापासून अंतर राखून असे, आणि माडांपुढची पुळण कोणाच्याही नावावर नसून सर्वांच्या कामाची असे : होड्या ओढून ठेवण्याची, जाळी वाळविण्याची, रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याच्या, मासळीचे वाटे घालण्याची.

मालवणसमोरच्या कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला, आणि दुर्गाच्या छायेत समोरच्या किनाऱ्यावरील बंदराला महत्त्व चढले. पुढे किल्ला करवीरकरांकडे, म्हणजे कोल्हापूरकरांकडे, राहिला. १७६५ साली इंग्रजांनी तो घेऊन त्याला 'फोर्ट ऑगस्टस' असे बारसे केले (ते नाव कोणाच्या तोंडी बसले नाही, हे बरेच झाले), लवकरच परत दिला, आणि अखेर १८१२ च्या तहाने मालवण कायमचे कंपनी सरकारच्या अमलाखाली गेले. त्यानंतर मोजणीच्या साखळ्या आल्या, शिवेचे दगड रोवले गेले, जमाबंदीची दफ्तरे तयार झाली. आणि त्यांच्याबरोबर आला तो 'गावठाण' हा शब्द, ज्याने आजवर कोकणी माणसाचा पिच्छा सोडलेला नाही.

देशावर गावाची पांढरी एकीकडे व काळी दुसरीकडे असते. घरे गावकुसाच्या आत एकमेकांना बिलगून बसतात आणि शेते बाहेर पसरतात. तेथे गावठाणाची हद्द आखणे हे कारकुनाच्या अर्ध्या दिवसाचे काम. आमच्याकडे गाव असा एका जागी सापडतच नाही. तो वाड्यांचा बनलेला. एक वाडी व्हाळाकाठी, दुसरी सड्याच्या उतारावर, तिसरी थेट पुळणीला लागून, आणि प्रत्येक घर आपापल्या गडग्याच्या आत माडा-फणसांत दडलेले. देशावरच्या गावाच्या मापाने शिवलेला अंगरखा कोकणाच्या अंगावर चढविण्याचा प्रयत्न म्हणजे आमचे गावठाण, आणि पुढच्या प्रत्येक नियमाने तोच अंगरखा पुन्हा वापरला.

१९८१ साली, १ मे रोजी, रत्नागिरीतून सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत बांधकामे होऊ देऊ नयेत असे कळविले. या पत्राचे कायद्यात रूपांतर झाले ते १९ फेब्रुवारी १९९१ च्या किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेने. ग्रामीण किनाऱ्यावर पहिल्या २०० मीटरांत नव्या घराला मनाई झाली. २०० ते ५०० मीटरांच्या पट्ट्यात कोळीवाडे व गावठाणे यांतील परंपरागत हक्कापुरती मुभा मिळाली, तीही अटींसह : घरांची संख्या असलेल्या घरांच्या दुपटीहून अधिक नको, सर्व मजल्यांचे मिळून बांधकाम भूखंडाच्या ३३ टक्क्यांपलीकडे नको, उंची ९ मीटरांवर नको, मजले दोनच. मालवण शहर नगरपालिकेच्या हद्दीत, तर तारकर्ली आणि देवबाग ग्रामपंचायतींचे, म्हणून ग्रामीण. तेव्हा एकाच समुद्राच्या एकाच भरतीला शेजारच्या दोन गावांत दोन निरनिराळे कायदे लागू झाले.

आणि सहाच वर्षांनी, १९९७ साली, सिंधुदुर्ग हा देशातील पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. एका हाताने दार लावावे आणि दुसऱ्या हाताने पाहुण्यांस बोलवावे, असा हा प्रकार. त्यातून गावोगाव जो वाद पेटला तो अजून विझलेला नाही. ज्याच्या घराच्या चार वाटण्या झाल्या आहेत, तो विचारतो, माझ्या धाकट्याने घर बांधायचे कोठे? पडवीला दोन खोल्या जोडून पर्यटक ठेवणारा विचारतो, मासळीने हात दिला नाही तर खायचे काय? आणि रापणकार विचारतो, सगळी पुळण खोल्यांनी व्यापली तर होडी कोठे ओढायची? तिघांचेही म्हणणे खरे आहे. खोटे आहे ते, 'घर' या एकाच शब्दाने तिघांची मोजदाद करणारे माप.

१८ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेने हे माप बदलले, पण सुधारले असे मला वाटत नाही. जेथे २०११ च्या शिरगणतीप्रमाणे दर चौरस किलोमीटरास २१६१ हून अधिक माणसे, तेथे मनाईचा पट्टा ५० मीटर. त्याहून विरळ वस्ती तेथे पूर्वीप्रमाणे २०० मीटर. आता शिरगणती माणसे मोजते ती गावाच्या सबंध हद्दीवर पसरून, ओसाड सड्यासकट. त्यामुळे प्रत्यक्षात सारा गाव पुळणीलगतच्या वाडीत दाटलेला असला तरी कागदोपत्री तो विरळच ठरतो. उलट, राहत्या घराचे जोते व दर्शनी रूप न बदलता पाहुणे ठेवण्यास त्याच अधिसूचनेने दिलेली मुभा मला शहाणपणाची वाटते, कारण ती अंतर मोजत नाही, घर कोणाचे हे पाहते.

तथापि सर्वांत कठीण हद्द कोणत्याच नकाशावर नाही. देवबागसारख्या, एका अंगाला समुद्र व दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी असलेल्या वाळूच्या पट्टीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखे तरंगत असते. पंपाने ते बेसुमार उपसले की खालचे मचूळ पाणी वर चढते, आणि शोषखड्डा विहिरीस लगटला की उरलेलेही नासते. दाटीचा आकडा ठरवायचाच तर तो वैशाखातल्या विहिरीत पोहरा सोडून ठरवावा.

हे ठरविण्यात लोकांचाही हात असू शकतो. शेजारच्या गोव्यात २००६-०७ साली प्रादेशिक आराखड्याविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा तो सरकारला मागे घ्यावा लागला. आपल्याकडे १९६६ च्या नगररचना कायद्याने प्रारूप आराखड्यावर हरकती व सूचना देण्याचा अधिकार प्रत्येकास दिलेला आहे. ज्यांची नावे सामायिक सातबाऱ्यावर आहेत आणि जे स्वतः मुंबईस आहेत, त्या चाकरमान्यांस एवढीच विनंती : आराखडा चतुर्थीला गावी आल्यावर पाहू, असे म्हणू नका. हरकतीची मुदत कोणासाठी थांबत नाही.