उघड्या खिडकीपाशी ओतलेले पाणी

माझा भाचा टोरोंटोत राहतो. त्याच्या बैठकीच्या खोलीत खाऱ्या पाण्याची मोठी काचेची टाकी आहे आणि तीत जिवंत प्रवाळ आहेत. दोन हिवाळ्यांपूर्वी त्याचा फोन आला. "मामा, संध्याकाळी सामू ८.१ असतो, पहाटे ७.७ वर येतो. रोज पावडर टाकतो, पण पुन्हा तेच."

सामू म्हणजे पीएच. माती तपासून घेणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हा शब्द ठाऊक असतो. हे मोजमाप १९०९ साली कोपनहेगनमधल्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेनसेन यांनी रूढ केले. ते लॉगॅरिदमचे असल्यामुळे ०.४ची घट किरकोळ वाटते. प्रत्यक्षात हायड्रोजन आयन अडीच पट होतात.

मी रसायनशास्त्र शिकलेलो नाही. जुनी पुस्तके वाचत आलो, म्हणून उत्तरही तिथेच शोधले. ते मिळाले सामूचे मोजमाप निघण्याच्या साठ वर्षे आधीच्या लंडनमध्ये.

१८४६ साली अ‍ॅना थिन या बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून दगडी प्रवाळ लंडनला आणले. समुद्र दूर, पाणी मोजकेच. ते ताजे राहावे म्हणून त्या उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतवत. हे कष्टाचे काम त्यांची छोटी मोलकरीण करी. पुढच्या वर्षी त्यांनी पाण्यात समुद्रशैवालही ठेवले. रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी मासे आणि पाणवनस्पती यांच्या समतोलावरचा आपला निबंध १८५० साली प्रसिद्ध केला; थिनबाईंची हकीकत छापून आली १८५९ साली. मत्स्यालयाच्या इतिहासात वॉरिंग्टन पुढे आणि थिनबाई मागे राहिल्या, त्याचे एक कारण हे असावे. मोलकरणीचा तर नुसता उल्लेख उरला.

पाणी ओतल्याने हवेतला प्राणवायू त्यात मिसळतो, तसाच जादा कर्बवायूही बाहेर पडतो. भाच्याच्या टाकीतले दुखणे हेच होते. दिवसा प्रकाशात शैवाल कर्बवायू शोषते, सामू चढतो. रात्री सारेच जीव तो सोडतात, सामू उतरतो. एवढा चढउतार स्वाभाविकच. पण थंडीत बंद केलेल्या घरात माणसांच्या श्वासाचा कर्बवायू साचतो, मग पाण्यातला बाहेर पडणार कुठे?

मी त्याला म्हटले, "पहाटे पेलाभर पाणी काढ. उघड्या खिडकीपाशी तासभर त्यात बुडबुडे सोड आणि पुन्हा मोज." सामू चढला. म्हणजे दोष पाण्याच्या क्षारतेत नव्हता, खोलीतल्या हवेत होता. त्याने फेस काढणाऱ्या यंत्राची हवेची नळी खिडकीबाहेर नेली. बाजूच्या छोट्या टाकीत शैवाल लावून तिथला दिवा रात्रभर चालू ठेवला. पहाटेचा आकडा ७.९च्या वर टिकू लागला.

तोवर उशीर झाला होता. पावडरीने क्षारता भलतीच वाढली होती आणि दोन प्रवाळ पांढरे पडून गेले. पावडर टाकण्याला माझीही संमती होती. आकडा दिसला की आपण आकड्यालाच औषध देतो. थिनबाईंकडे आकडा नव्हता, म्हणून त्यांना पाण्याकडेच पाहावे लागले. भाच्याने आता टाकीशेजारची खिडकी रोज सकाळी थोडा वेळ उघडायचा नेम केला आहे. बाहेर बर्फ असले तरी.