शिल्लक ताकदीचा हिशेब : पोर्शे ९११ टर्बो आणि कारखान्यातील शक्तिवाढीची परंपरा

मोटारीच्या इंजिनातून किती शक्ती मिळेल हे एरवी त्याच्या घडणीवर, म्हणजे सिलिंडरांच्या आकारमानावर, व्हॉल्व्हांच्या मापावर आणि कॅमशाफ्टच्या आकारावर ठरते, आणि ती वाढवायची असेल तर इंजिन खोलावेच लागते. टर्बोचार्जर बसवलेल्या इंजिनाची गोष्ट वेगळी आहे. त्यात बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक छोटे चक्र फिरते, त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून सिलिंडरांत कोंबते, आणि हवा जितकी अधिक कोंबली जाईल तितके अधिक पेट्रोल जाळता येते. या जादा दाबाला बूस्ट म्हणतात. तो हाताबाहेर जाऊ नये म्हणून धुराच्या वाटेवर वेस्टगेट नावाची झडप असते, जी ठरलेल्या दाबाला उघडते आणि उरलेला धूर चक्राला वळसा घालून सोडून देते. म्हणजे अशा इंजिनाची शक्ती अखेर ही झडप दाबून धरणाऱ्या एका स्प्रिंगच्या ताणावर अवलंबून असते आणि तो ताण कारखान्याने ठरवलेला असतो. हलक्या प्रतीचे पेट्रोल, कडक उन्हाळा, वेळेवर तेल न बदलणारा मालक या सगळ्यांचा विचार करून कारखाना दाबाची मर्यादा इंजिनाच्या सोसण्याच्या मर्यादेपेक्षा बरीच खाली ठेवतो, आणि त्यामुळे प्रत्येक टर्बो मोटारीत काही ताकद न वापरलेली शिल्लक राहते. या शिल्लक ताकदीवर हक्क कोणाचा, हा प्रश्न पोर्शेच्या ९११ टर्बोच्या इतिहासात जितका स्पष्ट दिसतो तितका दुसऱ्या कोणत्याही मोटारीच्या इतिहासात क्वचितच दिसेल.

टर्बोचार्जरची मूळ कल्पना बरीच जुनी आहे. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्ये तिचे पेटंट घेतले आणि पुढे कित्येक दशके ती जहाजांच्या डिझेल इंजिनांत व विमानांत वापरली गेली. प्रवासी मोटारीत ती प्रथम अमेरिकेत, १९६२ मध्ये ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेव्हरले कॉर्व्हेअर या गाड्यांतून आली. जेटफायरमध्ये इंजिन नॉक होऊ नये, म्हणजे दाबाखालचे मिश्रण अवेळी भडकून पिस्टनवर हातोडा बसल्यासारखा मार पडू नये, म्हणून पाणी व मिथेनॉल यांचे द्रावण आत सोडण्याची सोय होती. त्या द्रावणाची टाकी मालकाने स्वतः भरत राहावी अशी अपेक्षा होती आणि मालक ती भरत नसत. मालकाच्या शिस्तीवर विसंबलेली यंत्रणा टिकत नाही हा धडा त्या गाडीने फार लवकर दिला, आणि पुढच्या सगळ्या इतिहासात तो पुन्हा पुन्हा उपयोगी पडला.

पोर्शेकडे टर्बोचे तंत्र शर्यतींतून आले. १९७१ नंतर इंजिनाच्या आकारमानावर मर्यादा घालणाऱ्या नव्या नियमांमुळे ९१७ ही बारा सिलिंडरांची गाडी युरोपातील जागतिक स्पर्धेतून बाद झाली, तेव्हा कंपनीने तिला टर्बो लावून उत्तर अमेरिकेतील कॅन-ॲम मालिकेत उतरवले. हान्स मेट्सगर आणि व्हॅलेंटिन शेफर या अभियंत्यांनी अमेरिकी चालक मार्क डोनोह्यूच्या सोबतीने व्हायसाखच्या चाचणी केंद्रात ज्या प्रश्नाशी झुंज दिली तो शक्तीचा नव्हताच; शक्ती हवी तितकी मिळत होती. पाय दाबल्यापासून ती शक्ती चाकांपर्यंत पोचायला लागणारा विलंब, ज्याला टर्बो-लॅग म्हणतात, तो वळणावर गाडी बेभरवशाची करीत होता. ९१७/१० ने १९७२ ची मालिका जिंकली, पुढच्या वर्षी डोनोह्यूने सुमारे ११०० अश्वशक्तीच्या ९१७/३० वर ती पुन्हा जिंकली, आणि त्या दोन हंगामांत दाब आवरण्याचे जे शास्त्र हाती आले ते लगेच ९११ या रस्त्यावरच्या गाडीकडे वळले. (येथील अश्वशक्तीचे बहुतेक आकडे मेट्रिक मापातील, म्हणजे एकाला ७३५.५ वॅट या हिशेबाचे आहेत.)

१९७४ मध्ये टर्बो लावलेली ९११ करेरा आरएसआर ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत दुसरी आली. टर्बो इंजिनाचे आकारमान १.४ ने गुणून धरण्याचा नियम असल्यामुळे तिचे इंजिन मुद्दाम २१४२ घनसेंटिमीटरचे ठेवले होते, कारण गुणाकार केल्यावर ते बरोबर तीन लिटरच्या मर्यादेत बसत असे. रस्त्यावरच्या टर्बोमागेही शर्यतीच्या नियमांचाच रेटा होता, कारण ठरावीक संख्येने गाड्या तयार केल्याशिवाय त्या जातीची गाडी शर्यतीत उतरवता येत नसे. पण कंपनीचे प्रमुख एर्न्स्ट फुरमान यांनी तिला केवळ नियमापुरती गाडी राहू दिले नाही. तेलटंचाईच्या त्या काळात बीएमडब्ल्यूची १९७३ ची २००२ टर्बो अल्पावधीत बंद पडली असताना त्यांनी सर्व सुखसोयींनी युक्त आणि महागडी टर्बो बाजारात आणण्याचे धाडस केले, आणि पुढच्या काळाने त्यांना न्याय दिला. या जातीची पहिली गाडी ऑगस्ट १९७४ मध्ये संस्थापक फर्डिनांड पोर्शे यांची कन्या लुईझे पिएख यांना सत्तराव्या वाढदिवसानिमित्त देण्यात आली, आणि ऑक्टोबरमध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात ९११ टर्बो जगापुढे आली. कारखान्यातील ९३० या क्रमांकानेही ती ओळखली जाते.

या पहिल्या इंजिनाकडे जवळून पाहिले तर कारखान्याची सावधगिरी त्याच्या प्रत्येक आकड्यात दिसते. तीन लिटरच्या या इंजिनात संपीडन-प्रमाण, म्हणजे सिलिंडरातील मिश्रण पिस्टन वर येताना किती पटीने आकसते त्याचे माप, केवळ ६.५ ठेवले होते, तर त्याच काळच्या विनाटर्बो करेरामध्ये ते ८.५ होते. टर्बोने आधीच दाबलेली हवा आत येणार असल्याने तिला पुन्हा फार दाबले तर इंजिन नॉक होणार, म्हणून ही तडजोड केली होती. दाब ०.८ बार, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या वर आणखी जवळजवळ तितकाच, आणि शक्ती २६० अश्वशक्ती. तडजोडीची किंमत चालकाला मोजावी लागे, कारण कमी संपीडनामुळे टर्बो जागा होईपर्यंत गाडी मंद वाटे आणि मग एकाएकी झेपावे. १९७८ च्या श्रेणीत इंजिन ३.३ लिटरचे झाले आणि मागच्या पंखाखाली इंटरकूलर आला. दाबल्यामुळे तापलेली हवा सिलिंडरात शिरण्याआधी थंड करणारी ही जाळी आहे. थंड हवा दाट असते, म्हणून तितक्याच दाबात अधिक प्राणवायू आत जातो आणि नॉक होण्याचा धोकाही कमी होतो. शक्ती ३०० झाली, ब्रेक ९१७ वरून घेतलेले बसवले गेले, आणि कारखान्याने त्यानंतर जवळजवळ दशकभर मूळ गाडीच्या शक्तीला हात लावला नाही.

नेमक्या याच दशकात बाहेरचे लोक पुढे सरसावले. वेस्टगेटच्या स्प्रिंगखाली एखादा वायसर सरकवला किंवा स्प्रिंगच अधिक कडक बसवली की दाब वाढतो, आणि ही गोष्ट कोणत्याही जाणत्या मेकॅनिकच्या हातची होती. पण हवा वाढवून तिच्या प्रमाणात पेट्रोल वाढले नाही तर मिश्रण विरळ होते, ज्वलनाचे तापमान चढते आणि पिस्टनचा माथा वितळतो. ९३० ची यांत्रिक इंधनयोजना एका मर्यादेपलीकडे पेट्रोल पुरवू शकत नसल्याने ही वेळ लवकर येई. म्हणून चांगल्या ट्यूनरचे, म्हणजे शक्ती वाढवून देणाऱ्या कारागिराचे, काम दाब वाढवण्यापुरते नव्हते. इंधन, प्रज्वलनाची वेळ, इंटरकूलर आणि तेल थंड करण्याची सोय या सगळ्यांचा मेळ त्याला पुन्हा घालावा लागे, आणि ही विद्या काही कार्यशाळांनी कारखान्याच्या तोडीने आत्मसात केली होती. कोलोनच्या क्रेमर बंधूंनी पोर्शेच्याच ९३५ या शर्यतीच्या गाडीला, कारखान्याच्या पाण्याने थंड होणाऱ्या इंटरकूलरऐवजी हवेने थंड होणारा इंटरकूलर लावून, के-३ ही आवृत्ती तयार केली आणि तिने १९७९ ची ल मां शर्यत जिंकली. बव्हेरियातील फाफेनहाउझेन या लहानशा गावी आलॉइस रूफ यांनी १९८७ मध्ये दोन टर्बोंची, ४६९ अश्वशक्तीची सीटीआर बनवली. तिने त्या वर्षी एका अमेरिकी मासिकाच्या चाचणीत एरा-लेसियेनच्या चाचणीमार्गावर ताशी ३३९ किलोमीटरचा वेग गाठला आणि पोर्शेच्या स्वतःच्या ९५९ या गाडीला मागे टाकले. स्वतःच्या गाडीत आपणच ठेवलेली शिल्लक दुसऱ्याने इतक्या उघडपणे वापरून दाखवावी, हे कोणत्याही कारखान्याला दुर्लक्षिता येण्यासारखे नव्हते.

कारखान्याच्या उत्तराला जर्मन कायद्याची पार्श्वभूमी होती. तेथे गाडीला मिळालेला वापर-परवाना तिच्या मान्य स्वरूपापुरताच असतो. इंजिनात मान्यतेविना फेरफार केला तर तो परवाना संपुष्टात येऊ शकतो आणि विम्याचाही प्रश्न उभा राहतो, त्यामुळे बदल तपासणी संस्थेकडून मंजूर करून कागदपत्रांत नोंदवून घ्यावा लागतो. शिवाय बाहेरच्या माणसाने उघडलेल्या इंजिनाची हमी कारखाना देणार नाही हे उघडच होते. १९८३ पासून खास मागणीवर ९११ टर्बोसाठी ३३० अश्वशक्तीचा संच कारखान्यातूनच मिळू लागला. त्यात अधिक मोठा टर्बो, चार नळ्यांचा एक्झॉस्ट आणि जादा ऑइल कूलर होता. बाहेरच्या कार्यशाळांच्या आकड्यांपुढे तीस अश्वशक्तीची वाढ किरकोळ वाटते, पण या संचाचे ऐतिहासिक महत्त्व आकड्यात शोधू नये. शक्ती वाढवण्याआधी उष्णता कुठे जाणार याची सोय त्यात केली होती, आणि वाढलेल्या शक्तीची जबाबदारी निर्मात्याने स्वतःच्या नावावर घेतली होती. कारखान्यातील शक्तिवाढ आणि बाजारातील ट्यूनिंग यांच्यातला खरा फरक या जबाबदारीत आहे.

याच सुमारास दाबाचा कारभार स्प्रिंगकडून संगणकाकडे जाऊ लागला. १९८५ मध्ये आलेल्या ९४४ टर्बोमध्ये, म्हणजे पोर्शेच्या पुढच्या बाजूला चार सिलिंडरांचे इंजिन असलेल्या कूपेमध्ये, एक वेगळे नियंत्रक इंजिनाचे नॉकिंग ऐकून प्रज्वलन मागे घेत असे आणि गरज पडल्यास बूस्टही उतरवत असे. शक्ती २२० अश्वशक्ती होती, आणि १९८८ च्या टर्बो एस आवृत्तीत मोठ्या टर्बोच्या साहाय्याने ती २५० झाली. पण ज्या चिपमध्ये ही आकडेवारी साठवलेली असे ती काढून दुसरी बसवणे पाच-दहा मिनिटांचे काम होते, आणि वायसरचा धंदा चिपच्या धंद्यात बदलला. जपानमध्ये तर ही शिल्लक ठेवण्यामागे कंपन्यांचा आपसातला अलिखित करार होता. देशात विकायच्या गाडीची शक्ती २८० अश्वशक्तीच्या वर सांगायची नाही, हा संकेत १९८९ पासून २००४ पर्यंत पाळला गेला. परिणामी निस्सान स्कायलाइन जीटी-आरच्या बूस्टच्या नळीत प्रवाह अडवणारा एक छोटा तुकडा बसवलेला असे, आणि तेच इंजिन जपानच्या ग्रुप ए शर्यतींत ५०० च्या पुढे शक्ती देऊन चार हंगामांतील सर्वच्या सर्व २९ शर्यती जिंकत होते. हा तुकडा काढणे हा तेथील हौशी लोकांचा पहिला उद्योग असे.

नव्वदच्या दशकात पोर्शेने शक्तिवाढीला विक्रीच्या नित्य व्यवहारात आणले. १९९२ मध्ये ३८१ अश्वशक्तीच्या वजन कमी केलेल्या ९११ टर्बो एसच्या केवळ ८६ गाड्या निघाल्या, त्यानंतरच्या ३.६ लिटर टर्बोला मूळ ३६० ऐवजी ३८५ अश्वशक्ती देणारा पर्याय मिळाला. १९९५ च्या ९११ टर्बोत, म्हणजे ९९३ या पिढीत, दोन टर्बो आणि चारही चाकांना शक्ती देणारी योजना आली. तिच्या मूळ ४०८ अश्वशक्तीवर पहिल्या टप्प्यात ४३० आणि दुसऱ्यात मोठे टर्बो बसवून ४५० अशी चढती मात्रा कारखाना देऊ लागला. पाण्याने थंड होणाऱ्या पुढच्या ९९६ टर्बोच्या मागणीपत्रकात तर एक्स-५० हा निव्वळ एक सांकेतिक क्रमांक होता. तो भरला की के-१६ टर्बोंच्या जागी मोठे के-२४ टर्बो, सुधारित इंटरकूलर, वेगळा एक्झॉस्ट आणि त्यांना साजेसा संगणक-कार्यक्रम येई, शक्ती ४२० वरून ४५० वर जाई, आणि इंजिनाचा पीळ, ज्याला टॉर्क म्हणतात, ५६० वरून ६२० न्यूटन-मीटर होई. त्या इंजिनाचा पाया मेट्सगर यांच्याच शर्यतीच्या परंपरेतला असल्याने त्याला हे ओझे भारी नव्हते. रंग आणि आसनांचे चामडे यांच्या रांगेत शक्तीही मांडून विकली जाऊ लागली, याची काहींना खंत वाटेल. पण प्रत्येक वाढीबरोबर थंडाव्याची आणि गिअरबॉक्सच्या मजबुतीची फेरतपासणी करण्याची शिस्त कारखान्याने सोडली नाही, आणि म्हणूनच या पर्यायांच्या गाड्या आजही संग्राहक विश्वासाने विकत घेतात.

शिल्लक कोणाची हा प्रश्न त्यानंतर वेगळ्या वाटेने पुढे गेला. जर्मनीतील न्यूरबुर्गरिंग या शर्यतमार्गाच्या शेजारी शर्यतीच्या पोर्शे गाड्या तयार करणाऱ्या मांथाय या बाहेरच्या संस्थेचा ५१ टक्के हिस्सा पोर्शेने २०१३ मध्ये घेतला, आणि जी कामे क्रेमर किंवा रूफ यांच्या काळात कारखान्याशी स्पर्धा करून झाली होती ती आता कारखान्याच्या संमतीने व विक्री-जाळ्यातून होऊ लागली. दोन टर्बोंच्या ७०० अश्वशक्तीच्या ९११ जीटी२ आरएससाठी मांथायने तयार केलेल्या संचात सस्पेन्शन, वातवेधी पंख, हलकी चाके आणि ब्रेक यांचा समावेश होता. जून २०२१ मध्ये चाचणीचालक लार्स केर्न याने त्या संचासह न्यूरबुर्गरिंगचा २०.८ किलोमीटरचा पूर्ण फेरा ६ मिनिटे ४३.३ सेकंदांत काढून रस्त्यावर चालवण्यास परवानगी असलेल्या गाड्यांचा त्या वेळचा विक्रम केला. इंजिनाला त्या संचात कुठेही हात लावलेला नव्हता.