गुलेन-बॅरे सिंड्रोम (जीबीएस)

मज्जातंतूंचा स्वयंप्रतिकार विकार. प्रतिकारशक्ती मेंदू व मज्जारज्जूबाहेरील मज्जातंतूंवरच उलटते; स्नायू शाबूत असूनही त्यांच्यापर्यंत आज्ञा पोचत नाही. गुलेन, बॅरे व स्त्रोल या फ्रेंच डॉक्टरांनी १९१६ मध्ये दोन सैनिकांवरून त्याचे वर्णन केले. स्त्रोल यांचे नाव पुढे मागे पडले. दरवर्षी लाखात एक-दोघांना होतो.

लक्षणे : तळपायांना मुंग्या, मग जिना चढताना पाय उचलत नाहीत. अशक्तपणा पायांकडून वर सरकतो आणि चार आठवड्यांच्या आत टोक गाठतो. गुडघ्यावर हातोडीचा ठोका दिला तरी पाय उडत नाही. रुग्णाला एका श्वासात अंक मोजायला सांगतात. आकडा रोज घटू लागला, तर छातीचे स्नायू थकत आहेत असे समजून अतिदक्षता विभागाची तयारी करावी. सुमारे चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांना व्हेंटिलेटर लागतो.

कारण : बऱ्याच रुग्णांना आधी जुलाब किंवा सर्दी-खोकला झालेला असतो. कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी या जिवाणूचे आवरण मज्जातंतूंवरील घटकांशी मिळतेजुळते असल्याने प्रतिपिंडांची गल्लत होते.

पुण्यातील उद्रेक (२०२५) : जानेवारीत सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात रुग्ण एकदम वाढले, संशयितांची संख्या पुढे दोनशेपार गेली. काही मृत्यूही झाले. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर व नोरोव्हायरस आढळले. यातली बरीच गावे महापालिकेत नव्याने आलेली. हद्द आली, शुद्ध पाणी मागे राहिले. विहिरी, टँकर, खासगी आरओ केंद्रे तपासली गेली, अनेक केंद्रांना टाळे लागले. कच्च्या चिकनकडेही बोट दाखवले गेले, त्यावर एकमत नाही. नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन असावे, हा नियम मात्र जुनाच आहे.

उपचार : इम्युनोग्लोब्युलिन (आयव्हीआयजी), साधारणतः पाच दिवस, किंवा प्लाझ्मा बदल; परिणाम सारखाच. स्टेरॉइडचा उपयोग नाही. आयव्हीआयजी महाग असल्याने पुणे व पिंपरी-चिंचवड महापालिकांनी रुग्णांना मदत जाहीर केली.

पुनर्वसन : फिजिओथेरपी, सहा महिन्यांत बहुतेक जण आधाराविना चालतात.

नोंदणी : पंधरा वर्षांखालील मुलाचे हातपाय अचानक लुळे पडल्यास, निदान जीबीएस असले तरी, पोलिओ देखरेखीसाठी आरोग्य विभागाला कळवून शौचाचे दोन नमुने द्यावे लागतात.