सीपीचा आकडा नेमकं काय सांगतो? पोकेमॉन गोमधल्या मोजमापाचा छोटा इतिहास

मोजमाप आणि मूल्य यांचं नातं काय, हा तत्त्वज्ञानातला फार जुना प्रश्न. आज आम्ही त्याचं उदाहरण ग्रीक ग्रंथांतून घेणार नाही, मोबाइलवरच्या एका खेळातून घेणार आहोत. पोकेमॉन गो. तुमच्यापैकी काहींनी तो खेळला असेल, काहींनी नातवंडांच्या हातात पाहिला असेल. प्राण्याच्या डोक्यावर एक आकडा दिसतो, सीपी ५००, सीपी २०००. मुलं म्हणतात, हा भारी, तो टाकाऊ. आपला प्रश्न एवढाच की हा आकडा आला कुठून, आणि त्यावर किती विसंबायचं?

सुरुवात फेब्रुवारी १९९६ ची, जपानमधली. सातोशी ताजिरी यांना लहानपणी किडे पकडायचा नाद होता. गेम बॉयवर आलेल्या पहिल्या पोकेमॉन खेळांत त्यांनी तो नाद १५१ काल्पनिक प्राण्यांच्या रूपात आणला. त्यात एक गंमत होती. एकाच जातीचे दोन प्राणी दिसायला अगदी सारखे, पण आतून वेगळे. हल्ला, बचाव वगैरे गुणांसाठी प्रत्येकाला ० ते १५ मधला एक आकडा जन्मतःच मिळायचा, आणि खेळणाऱ्याला तो दिसायचा नाही.

वीस वर्षांनी, जुलै २०१६ मध्ये, नियांटिक कंपनीचा पोकेमॉन गो आला. भारतात तो अधिकृतपणे त्याच वर्षी डिसेंबरात पोचला. इथे जुनी गुंतागुंत एका आकड्यात बसवली गेली. त्याचं नाव कॉम्बॅट पॉवर, म्हणजे सीपी. लढण्याची ताकद म्हणा.

आता या सीपीच्या पोटात काय आहे ते बघू. तीन गुण आहेत: हल्ला, बचाव आणि तग. प्रत्येक गुणात दोन वाटे असतात. एक जातीचा, तो त्या जातीतल्या सगळ्यांना सारखाच. दुसरा त्या एकट्या प्राण्याचा, ० ते १५. यालाच खेळाडू आयव्ही म्हणतात. यावर प्राण्याची पातळी येते. ती वाढली की तिन्ही गुण एकदमच वाढतात. मग हल्ला, बचावाचं वर्गमूळ आणि तगीचं वर्गमूळ यांचा गुणाकार करून सीपी काढतात.

वर्गमूळ हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. हल्ला पूर्ण धरला, बाकीच्या दोघांचं फक्त वर्गमूळ धरलं. म्हणजे हल्ला दुप्पट केला तर सीपी दुप्पट होतो; बचाव दुप्पट केला तर जेमतेम ४१ टक्के वाढतो. हा काही निसर्गनियम नव्हे. कुणीतरी बसून ठरवलेला हिशेब आहे.

एक उदाहरण घेऊ. ड्रॅगोनाइट नावाचा प्राणी आहे, बलाढ्य. पातळी ४० ला, जी २०२० च्या अखेरपर्यंत कमाल पातळी होती, तिन्ही आयव्ही १५ असतील तर त्याचा सीपी ३७९२ होतो. तिन्ही शून्य असतील तर ३३४१. म्हणजे सर्वोत्तम आणि सर्वात सुमार यांत फरक साधारण १३ टक्क्यांचा. बाकी सगळं जात आणि पातळी यांचं देणं. म्हणून रानात एक ९०० चा आणि एक ६०० चा भेटला, तर ६०० वाला जन्मगुणांनी सरस असू शकतो. पहिल्याची फक्त पातळी जास्त असेल.

खेळाडूंना हे कळायला वेळ लागला नाही. २०१६ च्या उन्हाळ्यातच त्यांनी सीपी, एचपी आणि ताकद वाढवायला लागणारा खर्च यांवरून उलटा हिशेब मांडून लपलेले आकडे शोधायला सुरुवात केली. ऑगस्टमध्ये कंपनीनेच मूल्यमापनाची सोय दिली. ब्लांश, कँडेला आणि स्पार्क हे तीन संघनायक तुमच्या प्राण्याबद्दल एखादं मोघम वाक्य बोलायचे. २०१९ मध्ये ती वाक्यं गेली आणि चांदण्या आल्या. तीन आयव्ही मिळून ४५ गुण. २३ ला एक चांदणी, ३० ला दोन, ३७ ला तीन, आणि पुरे ४५ मिळाले तर वेगळा रंग. अवघड गोष्ट सोपी झाली खरी. पण सोपी झाली की ती लोक न विचारता मान्य करतात, हाही इतिहासच आहे.

इथे आम्हाला पीटर गीच यांची आठवण होते. १९५६ च्या एका निबंधात या इंग्रज तत्त्वज्ञाने दाखवलं की ‘चांगला’ हे विशेषण एकटं उभं राहत नाही, त्याला नाम लागतं. आपण मराठीतही विचारतो ना, चांगला म्हणजे चांगला काय? चांगला सुतार हा चांगला गवई असेलच असं नाही. चांदण्यांचं तसंच आहे. मॅजिकार्प हा एक तडफडणारा मासा. त्याला ४५ पैकी ४५ मिळाले तरी पातळी ४० ला त्याचा सीपी २७४. मघाचा सर्वात सुमार ड्रॅगोनाइट ३३४१ चा होता! म्हणजे चांदण्या ‘आपल्या जातीत हा कितवा’ एवढंच सांगतात. आणि सीपी सांगतो तो आजचा हिशेब, उद्याचा नव्हे. तोच मासा ४०० कँडी देऊन ग्यारडोस झाला की, तेच आयव्ही आणि तीच पातळी असताना, ३३९१ वर जातो.

पण खरी उलथापालथ डिसेंबर २०१८ मध्ये झाली. खेळाडू एकमेकांशी लढू लागले आणि त्यासाठी गट आले. ग्रेट लीगमध्ये १५०० सीपीच्या आतलेच प्राणी, अल्ट्रा लीगमध्ये २५०० च्या आतले, मास्टर लीगला मर्यादा नाही. आता विचार करा. दोघांचा सीपी १५०० च आहे, तर सरस कोण? सीपीच्या हिशेबात हल्ला महाग, बचाव आणि तग स्वस्त. म्हणजे ज्याचा हल्ला कमी तो त्याच १५०० मध्ये जास्त पातळी गाठतो, आणि बचाव-तगीची भरपूर शिदोरी बरोबर नेतो. तिन्ही गुणांची गोळाबेरीज त्याचीच मोठी भरते. म्हणून या गटात पुष्कळ जातींमध्ये हल्ला ०, बचाव १५, तग १५ असा प्राणी सर्वोत्तम ठरतो. त्याचे गुण किती? ४५ पैकी ३०. चांदण्या दोनच. आणि ज्याला पुरे ४५ मिळाले तो तिथे मागे पडतो.

प्राणी बदलला नाही, त्याचे गुणही बदलले नाहीत. विचारलेला प्रश्न बदलला. ‘जास्तीत जास्त किती’ याऐवजी ‘इतक्याच्या आत किती’ असं विचारलं, आणि क्रम फिरला. शिवाय कंपनीने नोव्हेंबर २०१६ आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये जातींचे मूळ आकडेच बदलले, तेव्हाही काहींचे सीपी वाढले, काहींचे घटले. कुणी जास्त सराव केला म्हणून नव्हे, तर मोजपट्टी बदलली म्हणून.

यात एक गोष्ट मागे घेता येत नाही. नको असलेला प्राणी खेळाडू प्राध्यापक विलो यांच्याकडे पाठवतो आणि बदल्यात कँडी घेतो. टाकाऊ माल प्राध्यापकांकडेच का जातो, हा आमचा वेगळा प्रश्न! पण तिकडे गेलेला परत येत नाही. २०१६ ते २०१८ या काळात टक्क्याच्या भरवशावर ज्यांनी कमी हल्ल्याचे प्राणी पाठवून दिले, त्यांच्याकडे गट सुरू झाले तेव्हा ते उरले नव्हते. आकडा खोटा नव्हता. तो दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर होता.

म्हणून घरातली मुलं हा खेळ खेळत असतील, तर त्यांना रागावण्यापेक्षा तीन गोष्टी विचारायला शिकवा. हा आकडा कशाकशाचा मिळून बनलाय? कुणाच्या तुलनेत आहे? आणि कोणत्या कामासाठी मोजलाय? मोठ्या रेडसाठी आणि मास्टर लीगसाठी पंधरा-पंधरा-पंधरा शोधा, जरूर शोधा. ग्रेट लीगसाठी दोन चांदण्यांचा जपून ठेवा.

हेच तीन प्रश्न दहावीच्या टक्केवारीलाही विचारता येतात. ती टक्केवारीही अनेक गुण एकत्र करून बनलेली असते, आणि कुठल्यातरी एका कामासाठी मोजलेली असते. मुलाला टाकाऊ म्हणण्याआधी तेवढं विचारायला आपल्याला वेळ मिळावा, एवढंच आमचं म्हणणं. इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.