काटा हळू का हलतो? कॅलरीच्या हिशेबाची जुनी गोष्ट

वजन कमी करायचं म्हणून तुम्ही मोबाइलवर अ‍ॅप घेतलंत. वय, उंची, वजन भरलंत. अ‍ॅपने सांगितलं, रोज 550 कॅलरी कमी खा, आठवड्याला अर्धा किलो उतरेल. पहिल्या आठवड्यात दीड किलो उतरलं, घरात कौतुक झालं. दुसऱ्या आठवड्यात चारशे ग्रॅम. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात काटा जागचा हलेना, आणि एका सकाळी तर तीनशे ग्रॅम वाढलेलेच दिसले. बहुतेक लोक इथेच सोडून देतात. मानोऱ्यात माझ्याकडे मधुमेह आणि रक्तदाबाचे जे रुग्ण येतात, त्यांच्यापैकी प्रयत्न सोडलेल्यांना कारण विचारलं की उत्तर साधारण एकच मिळतं, "डॉक्टरसाहेब, माह्या आंगाले काहीच लागू पडत नाही."

अंगाचं बहुतेक वेळा काही बिघडलेलं नसतं. अपेक्षा ज्या हिशेबावर बांधलेली असते, तो हिशेबच अपुरा असतो. आठवड्याला अर्धा किलो हा आकडा कुठून आला आणि कुठे फसतो, हे एकदा समजलं की वाट पाहणं बरंच सोपं जातं. म्हणून आज औषधांऐवजी थोडा इतिहास.

अन्न शरीरात जळतं आणि त्यातून उष्णता निघते, हे अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये लाव्हाझिए यांनी दाखवलं. त्यांनी गिनीपिगला बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवून किती बर्फ वितळतो ते मोजलं. पुढे शंभर वर्षांनी अमेरिकेत विल्बर अ‍ॅटवॉटर यांनी माणूस आत राहू शकेल अशी बंद खोली तयार केली. आतल्या माणसाचं खाणं, श्वास, मलमूत्र आणि अंगातून बाहेर पडणारी उष्णता, सगळं मोजलं जाई. एक ग्रॅम पिष्टात 4, प्रथिनात 4 आणि स्निग्धात 9 कॅलरी हे बिस्किटाच्या पुड्यामागचं गणित त्यांच्याच कामातून आलं. (आपण बोलताना कॅलरी म्हणतो ती खरं तर किलोकॅलरी. इथेही तसंच समजा.)

अ‍ॅटवॉटर यांना कुणाचं वजन उतरवायचं नव्हतं. कामगाराला कमी पैशात पुरेसं अन्न कसं मिळेल, हा त्यांचा प्रश्न होता. कॅलरी वजनाशी जोडली ती लॉस एंजेलिसच्या डॉक्टर लुलू हंट पीटर्स यांनी, 1918 च्या आहारावरच्या पुस्तकातून. त्या स्वतः एके काळी शंभर किलोच्या आसपास होत्या. पोळीचा तुकडा म्हणू नका, शंभर कॅलरीची पोळी म्हणा, अशा थाटाचं त्यांचं सांगणं होतं. पुस्तक अफाट खपलं आणि कॅलरी मोजणं घराघरात गेलं.

मग आला 1958 मधला मॅक्स विश्नॉफ्स्की या न्यूयॉर्कच्या डॉक्टरांचा निबंध. एक पौंड चरबीच्या थरात सुमारे 87 टक्के शुद्ध स्निग्ध, त्याला ग्रॅममागे 9 ने गुणलं की आले साधारण 3500. म्हणजे 3500 कॅलरी कमी खाल्ल्या की एक पौंड वजन उतरणार. आपल्या मापात किलोला 7700. अ‍ॅपचा आकडा इथूनच आला. रोज 550 गुणिले सात दिवस, त्याला 7700 ने भागा, अर्धा किलो.

हिशेब सुटसुटीत आहे, आणि पहिल्या काही आठवड्यांपुरता अंदाज म्हणून चुकीचाही नाही. पण यात शरीर म्हणजे धान्याची कोठी मानलेली आहे. रोज एक पायली काढली की तेवढंच धान्य कमी होणार. कोठी काही आपला खर्च कमी करत नाही. शरीर करतं.

हे तेव्हा माहीत नव्हतं असंही नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, 1944-45 मध्ये, मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी 36 निरोगी तरुणांवर एक प्रयोग केला. हे तरुण युद्धात शस्त्र धरायला नकार दिलेले स्वयंसेवक होते. युरोपातल्या उपाशी लोकांना पुन्हा कसं खाऊ घालावं, हे शोधायचं होतं. सहा महिने त्यांना रोज सुमारे 1570 कॅलरी दिल्या, म्हणजे नेहमीच्या जवळजवळ निम्म्या. वजन चौथ्या हिश्शाने घटलं. पण सुरुवातीला भराभर उतरणारं वजन पुढे हळू हळू उतरू लागलं आणि शेवटी जवळपास थांबलं. खाणं तेच होतं. शांत पडून असताना शरीर जी ऊर्जा वापरतं ती सुमारे 40 टक्क्यांनी घटली होती. नाडी मंदावली, थंडी वाजू लागली, मुलं जिना चढायला कंटाळू लागली. पायांवर सूज आली, म्हणजे चरबी-स्नायू जात असताना अंगात पाणी साठत होतं आणि काट्याला ते कळत नव्हतं. हे सगळं 1950 मध्ये दोन जाडजूड खंडांत छापून आलं. तरी आठ वर्षांनंतरचं विश्नॉफ्स्की यांचं सोपं गणितच जगभर गेलं. सोप्या गणिताला पाय फार.

आपल्याकडे कॅलरी आली ती मात्र वेगळ्याच दाराने. वजन उतरवायला नाही, भूक मोजायला. तमिळनाडूतल्या कुन्नूरच्या प्रयोगशाळेने 1937 मध्ये भारतीय अन्नपदार्थांची पोषणमूल्यं छापली. पुढे ती संस्था हैदराबादला गेली आणि डॉ. गोपालन व सहकाऱ्यांची सुधारित कोष्टकं 1971 मध्ये आली. शंभर ग्रॅम ज्वारीत 349 कॅलरी, तूरडाळीत 335, शेंगदाण्यात 567, हे आकडे तिथलेच.

त्याच 1971 मध्ये पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचे वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्यावरचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. माणशी रोज 2250 कॅलरी मिळतील एवढा खर्च ज्याला झेपत नाही तो गरीब, अशी त्यांची कसोटी. पुढे 1979 मध्ये नियोजन आयोगाच्या कृतिगटाने खेड्यासाठी 2400 आणि शहरासाठी 2100 ठरवल्या. पिवळ्या रेशनकार्डामागची दारिद्र्यरेषा अशी कॅलरीतून निघाली, हे तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे?

याला हरकत घेतली ती सातारा जिल्ह्यातल्या बुध गावात जन्मलेल्या पां. वा. सुखात्मे यांनी. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत अनेक वर्षं संख्याशास्त्राचा विभाग सांभाळून ते पुण्यात परतले होते. त्यांचा मुद्दा असा: एकच माणूस, तेच काम, तेच वजन, तरी त्याचं खाणं एका आठवड्यात कमी, दुसऱ्यात जास्त असतं. ही सगळी मोजणाऱ्याची चूक नव्हे. शरीर एका मर्यादेत स्वतःला जुळवून घेतं, कमी मिळालं तर काटकसरीने वापरतं. मग सरासरीपेक्षा कमी खाणाऱ्या प्रत्येकाला उपाशी कसं म्हणायचं? दांडेकरांनी याला खोडून काढणारं लिहिलं. दोघेही सातारचे, दोघेही पुण्यात, आणि वाद चालला होता इंग्रजी साप्ताहिकाच्या पानांवर. गोपालन यांचंही म्हणणं होतं की गरिबाचं शरीर जुळवून घेतं म्हणजे किंमत मोजून घेतं, वाढ खुंटते, कामाची ताकद जाते.

या वादात माझं मत दांडेकर-गोपालन यांच्या बाजूने झुकतं. सुखात्मे सांगत तेवढी फुकटची काटकसर शरीर करतं, हे पुढच्या मोजमापांत टिकलं नाही. पण ऊर्जेची गरज हा दगडावर कोरलेला आकडा नाही, हा त्यांचा मूळ मुद्दा वजन उतरवणाऱ्या माणसाने जरूर समजून घ्यावा. त्यांचा वाद भुकेल्यांसाठी होता. आज आपण तो पोट सुटलेल्यांसाठी वाचतोय, हे थोडं विचित्र वाटतं खरं. शरीराचा कायदा मात्र दोघांना एकच.

तुमच्या बाबतीत काय होतं ते आता पाहा. वजन उतरलं की हलकं शरीर चालवायला कमी ऊर्जा लागते. त्यावर शरीर थोडी जास्तीची बचत करतं, आणि तुमच्याही नकळत तुम्ही कमी हालचाल करू लागता. पहिल्या महिन्यात जी तूट 550 ची होती ती सहाव्या महिन्यात 550 ची राहत नाही. अमेरिकेतल्या केविन हॉल आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हे सगळं धरून नवा ठोकताळा मांडला. रोजच्या खाण्यात कायमच्या 24 कॅलरी कमी केल्या की शेवटी एक किलो उतरतं. पण त्यातलं निम्मं उतरायला साधारण एक वर्ष लागतं आणि जवळपास सगळं उतरायला तीन.

आपल्या ताटातलं उदाहरण घेऊ. पन्नास ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकर म्हणजे सुमारे 175 कॅलरी, आणि साखरेच्या दुधाळ चहाचा एक छोटा कप धरा 65. दोन्ही मिळून 240. एवढं रोज कमी केलंत, बाकी काही बदललं नाही, तर जुन्या गणिताने वर्षात 11 किलो आणि तीन वर्षांत 34 किलो उतरायला हवेत. ऐंशी किलोचा माणूस तीन वर्षांत सेहेचाळीसचा होईल! नव्या ठोकताळ्याने पहिल्या वर्षात 5 किलो आणि तीन वर्षांत 10 च्या जवळ. वर्षाला पाच म्हणजे महिन्याला सरासरी चारशे ग्रॅम. याला तुम्ही अपयश म्हणत होतात.

शिवाय रोजच्या काट्यात पाण्याचा खेळ असतो. पहिल्या आठवड्यातले दीड किलो बहुतांश पाणीच. यकृतात आणि स्नायूंत साठवलेल्या साखरेच्या प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी असतं, ते सुटतं. लोणचं-पापडाची पंगत झाली की दुसऱ्या दिवशी किलोभर वाढतं, तेही पाणीच. पाळीच्या आधी स्त्रियांचं वजन असंच वर जातं. म्हणून आठवड्यातून एकदा ठरल्या वारी सकाळी पोट साफ झाल्यावर वजन करा, आणि महिन्याची तुलना महिन्याशी करा.

तरीही तीन महिन्यांत काहीच फरक नाही, असं झालं तर? आधी मोजणी तपासा. न्यूयॉर्कमध्ये 1992 मध्ये 'कमी खाऊनही वजन उतरत नाही' म्हणणाऱ्या दहा जणांचं प्रत्यक्ष खाणं शास्त्रीय पद्धतीने मोजलं, तेव्हा त्यांनी सांगितलेलं खाणं खऱ्याच्या निम्म्याएवढंच निघालं. ते खोटं बोलत नव्हते. आपल्याकडे हे लपलेलं खाणं म्हणजे तेल. एका मोठ्या चमच्यात 120 कॅलरी असतात, आणि भाजीवरच्या तर्रीची नोंद अ‍ॅपमध्ये कुणी करत नाही. भरितावरची फोडणी, जवसाच्या चटणीवरचं तेल, दुकानात उभ्याउभ्या खाल्लेला अर्धा आलूबोंडा, हे सगळं त्यातच. मोजणी नीट असून फरक नसेल तर थायरॉइड तपासू, चालू औषधं पाहू.

काट्याशिवाय कमरेला टेपही लावा. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एक फोटो छापला होता. शेजारी उभे ते आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय 22.3, अगदी सारखा. पण युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या अंगात 21.2. आपण भारतीय दिसायला बारीक आणि आतून चरबीचे, हे त्या एका फोटोने जगाला दाखवलं. म्हणून पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटरच्या आत आणि स्त्रीची 80 च्या आत असावी.

काटा न हलताही फायदा होतो, याचा पुरावा आपल्याच देशात आहे. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या गटाने 2006 मध्ये मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या 531 जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तीन वर्षांत नुसता सल्ला मिळालेल्यांपैकी 55 टक्के लोकांना मधुमेह झाला. आहार-व्यायाम सांभाळणाऱ्यांपैकी 39 टक्क्यांना. वजनात मात्र म्हणावा असा फरक पडलाच नव्हता.

एक गोष्ट मधुमेहाच्या रुग्णांसाठी. तुम्ही इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेत असाल, तर भाकर कमी करण्याआधी डोस विचारून घ्या. खाणं घटलं आणि डोस तोच राहिला तर साखर एकदम खाली जाऊ शकते. घाम सुटणं, हात थरथरणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं, असं काही झालं तर कॅलरीचा विचार न करता लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या आणि मग डॉक्टरांना फोन करा.