लॉकआउट-टॅगआउट म्हणजे काय? जिनिंगमधल्या कामगारांना ते कसं शिकवायचं?

पांढरकवडा हा यवतमाळ जिल्ह्यातला कापसाचा भाग. हंगामात इथल्या जिनिंगमध्ये सरकीपासून रुई वेगळी होते. डबल रोलर जिनमध्ये कापूस अडकला की मशीन बंद करून हात घालावा लागतो. पण तेवढ्यात पलीकडून कोणी स्विच दाबला तर? बोटं, हात, कधी जीवही जातो. हे टाळायची पद्धत म्हणजे लॉकआउट-टॅगआउट, थोडक्यात 'लोटो'.

लॉक आणि टॅग कशासाठी?
लॉक म्हणजे मशीनच्या मेन आयसोलेटरला बंद स्थितीत लावलेलं कुलूप. टॅगवर कोण काम करतंय, का आणि कधीपासून, ते लिहिलेलं असतं. टॅग फक्त सांगतो, अडवतं ते कुलूपच. पॅनलवरचं स्टॉप बटण दाबलं म्हणजे सप्लाय तुटला, असं समजू नका.

काय शिकवायचं?
1. आजूबाजूच्या सगळ्यांना सांगा, मशीन थांबवा.
2. आयसोलेटर बंद करून कुलूप आणि टॅग लावा.
3. उरलेली ऊर्जा घालवा: रोलर पूर्ण थांबू द्या, गठाण बांधणाऱ्या प्रेसचं हायड्रॉलिक प्रेशर सोडा.
4. स्टार्ट बटण दाबून बघा. मशीन हललं नाही, तरच हात घाला.
5. काम झालं की अवजारं काढा, गार्ड बसवा, माणसं मोजा. मगच कुलूप काढा.

किल्ली कुणाकडे?
ज्याचा हात मशीनमध्ये, किल्ली त्याच्याच खिशात. चौघं काम करत असतील तर कुलपंही चार. फोनवर "लाईन बंद केली, कर काम" असं कोणी सांगितलं, तर ते कुलूप नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटोही नाही.

ट्रेनिंग कधी आणि कसं?
कामगार हंगामी असतात, म्हणून दर हंगामाच्या सुरुवातीला, प्रत्यक्ष मशीनवर. नुसती सही घेऊन भागत नाही. प्रत्येकाने स्वतः कुलूप लावून दाखवायचं. जे दुरुस्ती करत नाहीत, त्यांनाही एक गोष्ट पक्की माहीत हवी: दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायचा नाही.

कायदा काय सांगतो?
अमेरिकेत लोटोचा स्वतंत्र नियम 1989 मध्ये आला. आपल्याकडे 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 24 मध्येही, चुकून चालू होऊ शकणारं वीज तोडायचं साधन बंद स्थितीत कुलूपबंद करायची सोय हवी, अशी तरतूद होती.

तुमचे भाऊ-मित्र जिनिंगमध्ये असतील, तर त्यांना एवढंच विचारा: मशीनमध्ये हात घालताना किल्ली कुणाकडे असते?