टोक कडक, अंग चिवट

आमच्या गावाच्या नावातच रेल्वे आहे. पत्ता सांगताना नुसते धामणगाव म्हणून भागत नाही, 'धामणगाव रेल्वे' म्हणावे लागते. ज्या रुळांवरून वऱ्हाडचा कापूस मुंबईला गेला, ते रूळ १८६७ साली नागपूरला पोचले. पण ते इकडे येण्याआधी सह्याद्री फोडावा लागला होता. आपल्या वाटेवरच्या थळ घाटात, म्हणजे कसारा घाटात, १३ बोगदे पडले. पुण्याच्या वाटेवर बोरघाटात २५. बोरघाटाचे काम १८५६ साली सुरू झाले आणि १८६३ साली संपले. ऐन भरात तिथे चाळीस हजारांवर माणसे राबत होती. कित्येकजण रोगराईने आणि अपघातांनी गेले. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली इथे आला आणि थोड्याच दिवसांत दगावला. त्याची पत्नी ॲलिस हिने तो ठेका पुढे चालवला.

ही नावे इतिहासात नोंदली गेली. मला आज आठवण करून द्यायची आहे ती नाव न नोंदलेल्या एका कारागिराची. कामाच्या जागी भाता लावून बसलेल्या लोहाराची.

त्या काळी कातळाला भोक पाडायचे ते हाताने. एकाने पोलादी पहार धरायची, दुसऱ्याने तिच्या डोक्यावर घण घालायचा. प्रत्येक घावागणिक पहार जराशी फिरवायची, म्हणजे टोक नव्या जागी बसते. भोक पुरेसे खोल गेले की त्यात दारू ठासून सुरुंग उडवायचा. सह्याद्रीचा दगड लाव्हारसाचा, काळा आणि कणखर; त्यात मधूनच गारगोटीच्या गाठी. टोक नरम असेल तर ते बोथट होणार, फार कडक असेल तर त्याचा टवका उडणार. दोन्ही वेळा पहार लोहाराकडेच परत यायची. बोगदा रोज किती पुढे सरकला, हे घणाइतकेच त्याच्या भात्यावरही अवलंबून होते.

हाच काळा दगड आमच्या वऱ्हाडातल्या विहिरींतही लागतो. १९७२ च्या दुष्काळात आमच्या वडिलांनी विहीर खोल करायला घेतली. मी तेव्हा शाळकरी होतो. घाईघाईत कुठूनशी एक सब्बल करून आणली होती. घणाचे दहा-बारा घाव बसले असतील नसतील, तोच तिच्या टोकाची ठिकरी उडाली आणि खाली काम करणाऱ्या माणसाच्या गालात घुसली. डोळा दोन बोटांनी वाचला. आमच्या नेहमीच्या लोहारबुवांनी तो तुकडा हातात घेऊन पाहिला आणि म्हणाले, "सारीच सब्बल कडक केली त काच होते, बाबू. टोक कडक पाहिजे, आंग चिवट पाहिजे."

पुढे त्यांच्या भट्टीशी बसून मी ते पाहिले. टोक लालबुंद होईपर्यंत तापवायचे आणि तेवढेच टोक पाण्यात बुडवायचे. पोलाद असे एकदम निवले की त्यातला कार्बन जागच्या जागी अडकून पडतो आणि टोक कमालीचे कडक होते, पण ठिसूळही. म्हणून लगेच टोक दगडावर घासून लख्ख करायचे आणि वाट पाहायची. मागच्या अंगातली धग हळूहळू टोकाकडे येते आणि पोलादावर रंग चढत जातात. आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटी निळा. पिवळ्याच्या वेळी उष्णता सुमारे २३० अंश असते, निळ्याच्या वेळी ३०० च्या आसपास. रंग जितका पुढे जाईल तितका कडकपणा कमी आणि चिवटपणा जास्त. हवा तो रंग टोकाला आला की सब्बल पुन्हा पाण्यात. लोहारबुवांकडे ना तापमापक होता, ना पुस्तक. रंगावर नजर होती. आपल्या भाषेत विळ्याला आणि वखराच्या पाशीला धार देण्याला 'पाजवणे' म्हणतात आणि हत्याराला पाणी देतात, ते काही उगीच नव्हे.

नवल असे की, इकडे घाटात बोगदे खोदले जात होते त्याच सुमारास जर्मनीत ऑगस्ट व्होलर हा रेल्वेचा अभियंता डब्यांचे आस का मोडतात हे शोधत होता. एका झटक्यात मोडणार नाही एवढा ताणही पुनःपुन्हा दिला तर पोलाद अखेर मोडते, हे त्याने प्रयोगांनी दाखवले. तडा बहुधा खाचेशी किंवा टोकदार कोपऱ्याशी सुरू होतो. म्हणूनच चांगल्या बीटचे कोपरे गोलसर ठेवतात.

मग यंत्रे आली. आल्प्समधल्या माँ सनी बोगद्यात १८६१ पासून दाबलेल्या हवेवर चालणारी छिद्रणयंत्रे वापरली गेली. हात थकत होता, यंत्र थकत नव्हते. त्यामुळे बीटवरचा मारा कितीतरी वाढला. त्यावरचे मोठे उत्तर १९२० च्या दशकात जर्मनीत सापडले. टंगस्टन कार्बाइडचे अतिकठीण कण कोबाल्ट या चिवट धातूत बांधून क्रुप्प कारखान्याने 'विडिया' बाजारात आणले. या नावाचा मूळ अर्थ 'हिऱ्यासारखे'. पुण्या-मुंबईच्या टर्नरांच्या तोंडी हा शब्द पक्का बसला. कोबाल्ट वाढवला तर चिवटपणा वाढतो, कडकपणा घटतो. म्हणजे लोहाराच्या रंगांचेच गणित! भिंतीला भोक पाडणाऱ्या बीटला विडियाचे टोक असते आणि अंग साध्या चिवट पोलादाचे. शेतात बोअर मारणाऱ्या गाडीच्या बीटवरचे गोल दाणेही त्याच जातीचे.

आज सुताराच्या हातातले इम्पॅक्ट ड्रायव्हर स्क्रू पिळताना मिनिटाला हजारो आडवे ठोके देते. त्यात साधे कडक बीट घातले की ते कट्कन मोडते. त्यासाठीचे खास बीट नीट पाहा. टोकामागे त्याची कंबर मुद्दाम बारीक केलेली असते. ठोका बसला की ती कंबर किंचित पिळते, धक्का गिळते आणि परत सरळ होते. टोक वाचते ते कंबर वाकायला तयार असते म्हणून.

दुकानात गेलात तर फक्त 'कडक बीट द्या' म्हणू नका. कोणत्या यंत्रासाठी ते सांगा. सहाणयंत्रावर छिन्नीला धार लावताना टोक निळे पडू देऊ नका. निळे पडले की त्याचे पाणी उतरले. आणि घण उचलण्याआधी डोळ्यांवर चष्मा चढवा. त्या विहिरीतल्या माणसाच्या गालावरचा वण शेवटपर्यंत गेला नाही. विहिरीला मात्र पाणी लागले, लोहारबुवांनी पाजवून दिलेल्या सब्बलीने.